बुशूची पानगळ

उत्तर पोर्तुगालमधल्या बाश्तूच्या टेकड्यांवर फेलिज्मीनाला लोक झाडांची डॉक्टरीण म्हणायचे. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर दोघंतिघं तरी तिची वाट बघत थांबलेली असत. कुणाच्या रुमालात कॅमेलियाचं सुजलेलं पान, तर कुणाच्या पावाच्या पिशवीत गुलाबाची डागाळलेली फांदी. ती कपाळावरचा चष्मा खाली ओढायची, पान उलटं करायची, नखानं खरवडायची, हुंगायची आणि मग निकाल द्यायची.

"पाणी घालून घालून मारलंस त्याला. मुळं कुजलीत, पानाला कशाला दोष देतेस?"

"पान असं जाड, फुगलेलं झालं ना, की ते पांढरं पडायच्या आत खुडायचं आणि चुलीत घालायचं. औषधबिवध काही नको."

फी काही नसायची. कुणी कोबीचा गड्डा द्यायचं, कुणी सहा अंडी. पण तिचा खरा हातखंडा होता तो बुशूत. बारीक, चकचकीत पानांचं, बाराही महिने हिरवं राहणारं, कापाल तसा आकार घेणारं हे झुडूप त्या भागात दारोदारी होतं. आणि सगळ्यात सुंदर बुशू होतं बेल्मीरो वकिलांच्या बंगल्यात. तिथे फेलिज्मीना चौतीस वर्षं माळीण होती.

ती बाग वकिलांच्या बायकोनं, लिओकाडियाबाईंनी आखली होती. वरच्या मजल्यावरच्या सज्जातून पाहिलं की खाली गुडघाभर उंच बुशूच्या रेषांनी काढलेलं आठ पाकळ्यांचं मोठं फूल दिसायचं. पाकळ्यांच्या आत गुलाब आणि चारी कोपऱ्यांना कॅमेलिया. बाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. चार वर्षांपूर्वी कमरेचं हाड मोडल्यापासून वकील चाकाच्या खुर्चीत बसून दिवसभर त्या सज्जातून ते फूल बघत असत. मुलगा लिस्बनला. तो ख्रिसमसला यायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचा.

फेलिज्मीना फाटकाजवळच्या दोन खोल्यांच्या घरात राहायची. ते घर माळ्याचं. काम आहे तोवर घर आहे. नवरा फ्रान्सला बांधकामावर गेला तो तिकडेच दुसरा संसार थाटून बसला होता, त्यालाही वीस वर्षं झाली. मुलगी काटिया स्वित्झर्लंडला घड्याळांच्या कारखान्यात होती. ऑगस्टमध्ये काटियाला मुलगी झाली आणि तिनं फोनवर सांगितलं, "आई, आता पुरे झालं. तू इकडे ये. मला तुझी गरज आहे आणि तुला तिथं कोण आहे?"

फेलिज्मीना दोन दिवस नेहमीसारखी बागेत राबली. तिसऱ्या दिवशी तिनं अमारान्तला जाऊन बसचं तिकीट काढलं, दहा नोव्हेंबरचं. छप्पन्न वर्षांत स्वतःसाठी म्हणून तिनं घेतलेला हा पहिलाच निर्णय होता. नवरा तिनं निवडला नव्हता, काम बापाकडून आलं होतं, घर कामाबरोबर आलं होतं.

रोज चार वाजता ती वकिलांना जवाची कॉफी आणि मक्याचा पाव घेऊन वर जायची आणि बागेची खबर द्यायची. त्या दिवशी कॉफी ठेवून ती उभ्याउभ्याच म्हणाली, "साहेब, मी नोव्हेंबरात मुलीकडे जाणार. कायमची."

वकिलांनी खाली बागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "बुशूची छाटणी कोण करणार?"

"झेफेरीनो करेल की."

"झेफेरीनोला गवत कापता येतं. बुशू कापायला हात लागतो." त्यांनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "पण तू जाच. मी कोण अडवणारा?"

जिना उतरताना तिला वाटलं, एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं आपण घाबरत कशाला होतो?

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस कोमट पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या पाकळीच्या वळणावर फेलिज्मीनाला मातीवर पानं पडलेली दिसली. मूठभरच, पण हिरवीकरडी. बुशूची पानं अशी गळत नाहीत. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं झुडपाच्या आत हात घातला.

वरून सगळं हिरवं होतं. आत, खालच्या बाजूला, पानांवर तपकिरी गोल डाग होते आणि डागांची कड काळपट होती. आधी तिला अळीचा संशय आला. पण अळी असती तर कोळिष्टकासारखी जाळी दिसली असती, खाली हिरवी लेंडं पडली असती, पानाच्या कडा खाल्लेल्या असत्या. तसं काही नव्हतं. दुसरी एक जुनी बुरशी तिला माहीत होती. तिच्यात पान वाळक्या गवतासारखं पिवळं पडतं, पण फांदीला चिकटून राहतं आणि पाठीवर गुलाबी पूड येते. इथे तर बोट लावलं की पान गळत होतं. तिनं एक कोवळी फांदी मोडून उजेडात धरली. हिरव्या सालीवर काळ्या, लांबट रेघा होत्या, कुणी काजळाच्या काडीनं ओढाव्यात तशा.

या रेघांबद्दल तिनं ऐकलं होतं, डोळ्यांनी बघितल्या नव्हत्या.

तिनं दहाबारा पानं तोडून एका पारदर्शक पिशवीत घातली, सोबत ओला कागद ठेवला, पिशवीचं तोंड बांधलं आणि ती स्वयंपाकघरात सावलीला ठेवून दिली. बुरशीला ओलावा मिळाला की ती लपून राहत नाही. चौथ्या दिवशी पानांच्या पाठीवर पांढरी लव आली होती, साखरेच्या कणांसारखी चमकणारी. फेलिज्मीनानं पिशवी पुन्हा बांधली आणि साबणानं तीनदा हात धुतले.

चार वाजता ती वर गेली. "साहेब, बुशूला करपा लागलाय. पानं गाळणारा. वाईट जातीचा."

वकिलांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. "कुठे? मला तर हिरवंगार दिसतंय."

"वरून दिसत नाही. तो आतून आणि खालून लागतो."

"मग बरं कर. तू डॉक्टरीण ना?"

पानं जिल्ह्याच्या गावी प्रयोगशाळेत गेली. पंधरा दिवसांनी शेतकी खात्याच्या इंजिनिअर नोएमियाबाई स्वतः अहवाल घेऊन आल्या. तरुण होत्या, पायात रबरी बूट, बोलणं सरळ. सज्जात बसून त्यांनी सगळं सांगितलं. रोग तोच. याला मारणारं औषध नाही, थोपवणारी औषधं आहेत. पानावर पाणी बसलं की तो पसरतो. गळलेल्या पानांतून मातीत उतरतो आणि तिथे चारपाच वर्षं जिवंत राहतो. एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो तो रोपांबरोबर, बुटांबरोबर नाहीतर कात्रीबरोबर.

"वरून पाणी कोण मारतं?" त्यांनी विचारलं.

पाणी मारायचा झेफेरीनो. साठीतला, बुटका, तोंडाळ माणूस. आठवड्यातून दोनदा गवत कापायला आणि पाणी द्यायला यायचा. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून संध्याकाळी सगळ्या बागेवर पावसासारखं पाणी उडवायचं, ही त्याची हौस. फेलिज्मीनानं त्याला शंभरदा टोकलं होतं, "मुळाशी घाल, डोक्यावर नको." तो म्हणायचा, "आंघोळ घालतोय गं, बाप्तिस्मा नव्हे!"

वकिलांनी त्याला वर बोलावलं. इंजिनिअरबाई निघून गेल्या होत्या. फेलिज्मीना कपबशा गोळा करत होती.

"झेफेरीनो, तू पानांवर पाणी मारतोस?"

"मारतो की साहेब. सतरा वर्षं मारतोय. तेव्हा कुठे मेलं बुशू?"

"फेलिज्मीना, तू त्याला सांगितलं होतंस की नाही?"

तिनं कपबशी खाली ठेवली. जे खरं होतं तेच तिनं सांगितलं. "सांगितलं होतं साहेब. पुष्कळदा."

"उद्यापासून येऊ नकोस," वकील झेफेरीनोला म्हणाले.

झेफेरीनोनं टोपी हातात घेतली. आधी वकिलांकडे आणि मग फेलिज्मीनाकडे बघितलं. "वा गं डॉक्टरीण," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला.

तिला वाईट वाटलं, पण अपराधी वाटलं नाही. त्याचीच चूक होती. तिनं तिसरी पाकळी कापून काढली, गळलेली पानं हातानं वेचली, सगळं जाळलं, कात्री दर झुडपानंतर स्पिरिटनं पुसली, औषध फवारलं. नोव्हेंबरापर्यंत आटोक्यात येईल, असा तिचा हिशेब होता.

एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, ती शेवंतीची फुलं घेऊन बापाच्या थडग्यावर गेली. दफनभूमी माणसांनी भरलेली होती. बायका संगमरवर घासत होत्या, पुरुष कोपऱ्यात उभे राहून भाजलेले चेस्टनट सोलत होते. तिनं फुलं ठेवली, मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली आणि वळली.

मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बुशूची बुटकी किनार होती. मागच्या हिवाळ्यात फादर अनिबाल यांनी कुठल्याशा रोपवाटिकेतून स्वस्तात रोपं आणून लावली होती. आता तिथे नुसत्या काटक्या उभ्या होत्या.

जूनमध्ये, गावच्या संताच्या सणाच्या दोन दिवस आधी, फादर म्हणाले होते, "फेलिज्मीना, एवढी किनार सरळ करून दे बघू. तुझ्या हाताची सर कुणाला नाही." ती कात्री खांद्यावर टाकून आली होती. दोन तास काम केलं होतं. काही पानांवर ठिपके होते, घाईत तिनं तिकडे लक्ष दिलं नव्हतं. कात्री गवतावर पुसली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कात्रीनं तिनं बंगल्यातल्या तिसऱ्या पाकळीची छाटणी सुरू केली होती.

ती वाकली. एक काटकी मोडून उजेडात धरली. काळ्या रेघा.

"काय गं, इथेपण तपासणी?" शेजारची एक बाई हसून म्हणाली.

फेलिज्मीनानं काटकी खिशात घातली. समोर, पाण्याच्या नळाजवळ, झेफेरीनो बायकोबरोबर बादली भरत होता. त्यानं तिला पाहिलं आणि पाठ फिरवली.

पाण्यानं रोग पसरला होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण आणला होता तिनं. दुसऱ्यांची पानं उलटी करून बघणारी, कात्री पुसा म्हणून साऱ्या गावाला शिकवणारी ती, आणि तिच्याच कात्रीनं तो बंगल्यात शिरला होता. आता बोलावं तर चौतीस वर्षांचं नाव एका दुपारीत मातीला मिळणार. न बोलावं तर झेफेरीनो दोषी राहणार आणि ती मात्र मुलीकडे जाऊन नातीला खेळवणार. घरी जाईपर्यंत एक गोष्ट तिच्या मनात पक्की झाली होती. बुशू मरत असताना या गावातून बाहेर पडायला तिला तोंड नव्हतं.

तिनं काटियाला फोन केला. "तीन राजांच्या सणानंतर येते. बाग आजारी आहे."

"आई, बाग आजारी आहे म्हणजे काय? बाग तुझी आहे का?"

"माझ्या हातात आहे."

तिकीट बदलून जानेवारीचं झालं. जानेवारीचं कार्निवलनंतरचं झालं. तो हिवाळा फेलिज्मीनानं गुडघ्यांवर काढला. त्या खोऱ्यात हिवाळ्यात पाऊस थांबत नाही, आणि झुडपं ओली असताना हात लावायचा नाही, हा तर तिचाच नियम. म्हणून ती खिडकीत बसून आभाळाकडे बघत राहायची. दोन दिवस उघडीप मिळाली की गोणपाट अंथरून पाकळीच्या आत शिरायची. हवा खेळावी म्हणून फांद्या विरळ करायच्या, एक एक गळलेलं पान चिमटीत उचलायचं, बादली भरली की जाळायची, बुटांचे तळ पांढऱ्या औषधात बुडवायचे आणि मगच पुढच्या पाकळीत पाय टाकायचा. संध्याकाळी तिला सरळ उभं राहता यायचं नाही. एवढं करूनही फेब्रुवारीत पाचव्या पाकळीत डाग सापडले आणि मार्चमध्ये सातव्या.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लोक पानं घेऊन थांबायचे. तिला ती हातात घ्यायलाही नको व्हायचं. "मला काय कळतंय," असं म्हणून ती निघून जायची. लोकांना वाटलं, डॉक्टरीण गर्विष्ठ झाली.

एकदा ती बाजारात झेफेरीनोच्या बायकोपुढे आली. ती बाई काही म्हणाली नाही, तिनं फक्त हातातली टोपली दुसऱ्या हातात घेतली. झेफेरीनोला कुणी बागेचं काम देत नव्हतं. 'वकिलांचं बुशू ज्यानं मारलं तो' असं त्याचं नाव पडलं होतं. फेलिज्मीना घरी येऊन कोबीचं सूप समोर ठेवून बसली आणि शेवटी तिनं ते न खाताच झाकून ठेवलं.

वकील मात्र त्या हिवाळ्यात खुश होते. पूर्वी ती चार वाजता दहा मिनिटं थांबायची, आता ते तिला बसवून घेत. आज काय केलंस, कुठली पाकळी, किती पानं, असं सगळं विचारत. एकदा म्हणाले, "बरं झालं तू थांबलीस. लिओकाडियाला बरं वाटलं असतं." तेव्हा तिला सज्जाच्या कठड्याच्या लोखंडी सळया अंगावर आल्यासारख्या वाटल्या.

"ईस्टरनंतर जाईन म्हणते, साहेब."

"बुशू बरं झालं की जा. आजाऱ्याला टाकून कुणी जातं का?"

एप्रिलमध्ये नवी पालवी आली. आठही पाकळ्यांवर कोवळा पोपटी रंग चढला. आठवडाभर फेलिज्मीना पाय न वाजवता चालत होती, जणू काही झोपलेलं मूल उठेल. मग कोमट पाऊस आला, तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी तिनं बघितलं तर वाटांवर पानांचा सडा पडला होता. सगळीकडे. नवी पालवी देठासकट काळी.

ती वाटेवरच मातीत बसली. तिला रडू आलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच डोकं स्वच्छ झालं. हे बरं होणारं दुखणं नव्हतंच. ऑक्टोबरातच इंजिनिअरबाईंनी सांगितलं होतं आणि तिनंही ऐकलं होतं. एरवी कुणी तिच्याकडे अशी फांदी आणली असती तर तिनं एका वाक्यात निकाल दिला असता, 'उपट आणि जाळ.' स्वतःच्या बागेला तिनं तो दिला नाही, कारण उपटलं की फेडायला काही उरत नव्हतं.

ती उठली, हात धुतले आणि बाग तशीच टाकून गावात गेली. कॅफेच्या बाहेर झेफेरीनो तिघांबरोबर पत्ते खेळत होता.

"झेफेरीनो, जरा बोलायचंय."

"बोल की. हे तिघंही बहिरे नाहीत."

तिला बाजूला जाऊन बोलायचं होतं. पण त्यानं पत्ते खाली ठेवले नाहीत. मग ती तिथेच बोलली. दफनभूमीची किनार, जूनचा सण, गवतावर पुसलेली कात्री, सगळं. बोलताना तिची नजर टेबलावरच्या बदामाच्या सत्तीवर खिळून होती.

तिघं बहिरे झाल्यासारखे बसले. झेफेरीनो म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"सर्व संतांच्या दिवशी."

त्यानं बोटांवर महिने मोजले. "सहा महिने. सहा महिने माझी बायको मला विचारतेय, 'खरंच तू मारलंस का रे?' आणि मलाच वाटायला लागलं होतं की मारलं असेल." तो उभा राहिला. "माझ्यापुढे काय सांगतेस? चल वर. त्याच्यापुढे सांग. मी उभा राहून ऐकणार."

दोघं टेकडी चढून आले. फाटकाशी झेफेरीनो थबकला. बागेकडे बघून त्याच्या तोंडून शिवी निघाली, पण ती तिच्यासाठी नव्हती.

सज्जात वकील नेहमीच्या जागी होते. झेफेरीनोला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. फेलिज्मीनानं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही, हे तिला तेव्हा कळलं.

वकिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं, साहेब?"

"जूनमध्ये तू दफनभूमीकडून कात्री खांद्यावर घेऊन आलीस, ते मी इथून पाहिलं होतं. फादरनी बाहेरून नवी रोपं आणलीत हेही ठाऊक होतं, आणि अहवालात रोपांचं आणि कात्रीचं लिहिलं होतं. चाळीस वर्षं कागद वाचण्यातच गेली माझी."

"मग झेफेरीनोला का काढलंत?"

वकिलांनी खुर्चीचं चाक थोडं मागे सरकवलं, पुन्हा पुढे आणलं. "तुला दोष दिला असता तर तू लाजेनं निघून गेली असतीस," ते अखेर म्हणाले. "आणि काही न करता बसलो असतो तर तिकीट होतंच, गेलीच असतीस. मला वाटलं, तुझं तुला कळेलच कधीतरी. दुसरा माणूस तुझ्यासाठी दोषी ठरलाय हे कळल्यावर तू जाणार नाहीस. मी तुला ओळखतो."

फेलिज्मीनाला आधी काही कळेनाच. मग एकेक करून सगळा हिवाळा तिच्या डोळ्यांपुढून गेला. गोणपाट, चिमटीतली पानं, 'आज कुठली पाकळी?' हे विचारणं. ती ज्या अपराधाच्या दोरीनं बांधली गेली होती, तिचं दुसरं टोक हा म्हातारा इथे हातात धरून बसला होता आणि वर पाव कॉफीत बुडवून खात होता.

झेफेरीनोच आधी बोलला. "म्हणजे हिला धरून ठेवायला माझा खुंटा केलात होय?"

"मी एकटा आहे, झेफेरीनो," वकील म्हणाले. त्यात ऐट नव्हती. "चार वाजता कुणीतरी वर यावं, एवढंच."

"तर तसं म्हणायचं होतंत," फेलिज्मीना ओरडली. चौतीस वर्षांत त्या घरात तिचा आवाज चढला नव्हता. "'थांब' म्हणायचं होतंत. मी कदाचित थांबलेही असते. पण तुम्ही तर मला..." तिनं खुर्चीची मूठ धरली. "चला. खाली चला."

"खाली कुठे?"

"बागेत. चार वर्षं वरून बघताय. झेफेरीनो, धर त्या बाजूनं."

झेफेरीनोनं क्षणभर विचार केला आणि दोन्ही हात चोळून खुर्ची धरली. दोघांनी मिळून खुर्चीसकट वकिलांना जिन्यावरून उतरवलं. पायरीपायरीवर ते "अरे, हळू, मराल आणि मारालही," म्हणत होते. वाटेवर चाकं पानांच्या थरात रुतायला लागली. फेलिज्मीनानं खुर्ची तिसऱ्या पाकळीपाशी नेऊन उभी केली.

बसलेल्या माणसाची नजर नेमकी बुशूच्या उंचीला येते. वरून अजूनही हिरवट रेघा दिसत होत्या. इथून वकिलांना आरपार दिसत होतं, काळ्या काटक्या आणि पलीकडची भिंत. त्यांनी हात पुढे केला. एका फांदीला बोट लागलं आणि उरलेली पानं त्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती झटकली नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "लिओकाडियानं कुठून सुरुवात केली होती, आठवतं?"

"मी तेव्हा नव्हते, साहेब. माझा बाप होता. पण तो सांगायचा, मधल्या गोलापासून."

"मग काढतानाही तिथूनच काढा." त्यांनी डोळे पुसले. "जाळा सगळं."

उपटणं आणि जाळणं चार दिवस चाललं. चारही दिवस कोरडे मिळाले. झेफेरीनो रोज यायचा. कामाला म्हणून नाही, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "मी नुसता बघायला आलोय, हे मेलं खरंच मरतंय का ते." पण मुळं उपटायला सगळ्यात जोर त्याचाच लागत होता. फेलिज्मीनाशी तो कामापुरतंच बोलायचा. "तिकडून ओढ." "वाऱ्याच्या तोंडाला उभी राहू नको." तिनं माफी मागायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यानं तिच्या हातात टोपली दिली. शेवटच्या दिवशी राखेवर पाणी मारून झाल्यावर तो म्हणाला, "हे बघ, बायकोला तू स्वतः येऊन सांग. माझ्यावर तिचा विश्वास नाही बसायचा." ती गेली. झेफेरीनोच्या बायकोनं तिला दारातच उभं करून पूर्ण ऐकलं आणि मग म्हणाली, "आत ये. पाय पूस."

जमिनीचा वरचा वीतभर थर खरवडून काढला. तिथे बुशू पुन्हा लावायचं नाही, हे फेलिज्मीनानं वकिलांना तीनदा बजावलं. लावायचीच असतील तर मर्टलची सुवासिक झुडपं लावा, त्यांना हा रोग लागत नाही. पण ऑक्टोबरापर्यंत माती उन्हात तापू द्या.

"आणि ऑक्टोबरात कोण लावणार?" वकिलांनी विचारलं.

"झेफेरीनो. त्याच्या अटींवर. आणि चार वाजता तुम्ही खाली येऊन बसायचं, तो वर येणार नाही."

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती निघाली. फाटकाजवळच्या घरात चौतीस वर्षांचं सामान दोन बॅगांत मावलं, याचं तिलाच नवल वाटलं. निरोप घ्यायला गेली तेव्हा वकील म्हणाले, "मी तुझा गुन्हेगार आहे." तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण 'नाही' म्हणाली नाही.

बसला तीस तास लागले. काटिया तिला न्यायला आली होती. नात नऊ महिन्यांची झाली होती आणि अनोळखी आजीला बघून तिनं भोकाड पसरलं. पहिला महिना अवघड गेला. चौथ्या मजल्यावरचं घर, भाषा येत नाही, दुकानात पाव मागायचा तर बोट दाखवायचं. कधीकधी दुपारी चार वाजता ती उठून उभी राहायची आणि मग आपण कशाला उठलो तेच तिला कळायचं नाही.

नोव्हेंबरात एका रविवारी झेफेरीनोचा फोन आला. आतापर्यंत त्यानं कधी केला नव्हता.

"मर्टल लावली," तो म्हणाला. "दोनशे दहा रोपं. आणि तुझा वकील खाली खुर्चीत बसून मला हुकूम सोडतो, 'डावीकडे घे, उजवीकडे घे.' अंगठ्यानं पाणीसुद्धा मारू देत नाही. डोक्याला ताप आहे नुसता."

"मग ऐकू नकोस."

"ऐकतो कुठे! पण बसवतो त्याला उन्हात. बायको सूप पाठवते." मग म्हणाला, "तुला विचारत होता."

"काय?"

"तिथे बरं आहे का म्हणून. मी म्हटलं, मला काय माहीत? विचारून सांगतो."

फेलिज्मीना खिडकीपाशी उभी होती. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. मागे नात खुर्ची ढकलत पहिल्यांदाच चालायचा प्रयत्न करत होती.

"सांग त्याला," ती म्हणाली, "अजून कळलेलं नाही. पण मी आपणहून आलेय."